धान्यातील ओलावा आणि आपले यकृत

वय वाढते, दात साथ देईनासे होतात आणि घरातील ज्येष्ठांचा आहार हळूहळू बदलत जातो. मूठभर शेंगदाण्यांची जागा दाण्याचे कूट घेते, भाकरीऐवजी कण्या किंवा पेज येते, न्याहारीला सातूचे पीठ वा नाचणीचे सत्त्व असते. हा बदल योग्यच आहे. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट नकळत घडते. अख्खा दाणा डोळ्यांना दिसतो, बोटांना कळतो आणि कडू वा खवट असला तर जीभ लगेच सांगते. त्याचे पीठ किंवा कूट झाले, की हे तिन्ही राखणदार बाजूला होतात. समोर वाटीत येते ते निमूटपणे खाल्ले जाते.

म्हणून आजच्या लेखात दाणा जात्यात वा मिक्सरमध्ये पडण्यापूर्वीचा विचार करू. तो किती वाळला होता, कसा साठवला होता आणि कोणी निवडला होता, या तीन प्रश्नांवर त्या वाटीतील अन्नाचे पथ्यकारक असणे अवलंबून आहे. कृषी अभियांत्रिकी आणि अन्नप्रक्रिया या शाखांतील संशोधक कित्येक दशके याच प्रश्नांवर काम करीत आले आहेत. त्यांच्या कामाचा उपयोग शेतकऱ्याला होतो, तसाच तो तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरालाही होऊ शकतो.

१९७४ सालचा मका

१९७४ सालच्या शरद ऋतूतील गोष्ट आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि त्याला लागून असलेला गुजरातमधील पंचमहाल, या दोन जिल्ह्यांतील आदिवासी गावांत एकाएकी काविळीची साथ पसरली. कावीळ, पाठोपाठ पोटात पाणी होणे आणि काही आठवड्यांत मृत्यू, असे तिचे स्वरूप होते. दीडशेहून अधिक गावांत ३९७ जण आजारी पडले आणि त्यांतील शंभरहून अधिक दगावले. साथ म्हटली की आपले लक्ष प्रथम पाण्याकडे जाते. येथे मात्र दोष धान्यात निघाला. घरातील माणसांबरोबर तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी आजारी पडत होती.

या लोकांचे मुख्य अन्न मका. त्या वर्षी कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली आणि पुरती न वाळताच घरात साठवली गेली. त्यांवर बुरशी धरली. आधीची वर्षे टंचाईची. दुसरे धान्य घरात नव्हते, त्यामुळे तोच मका दळून खाल्ला गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या मक्याची तपासणी केली, तेव्हा त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष मोठ्या प्रमाणात आढळले.

हे विष ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या हिरवट-पिवळ्या बुरशीपासून आणि तिच्या काही जातभाईंपासून तयार होते. त्याची ओळख पटली ती १९६० साली इंग्लंडमध्ये. तेथे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले आणि त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडले. मोठ्या मात्रेत ते यकृतावर तातडीने आघात करते. अल्प मात्रेत, पण वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाची शक्यता वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मनुष्यात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. ज्यांना ‘हिपॅटायटिस बी’चा जुना संसर्ग आहे, त्यांच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने धान्य, कडधान्ये आणि पुढील प्रक्रियेसाठीचे शेंगदाणे यांसाठी या विषाची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे सुमारे ६६ टन धान्यात एक ग्रॅम! एवढ्या सूक्ष्म प्रमाणात असलेली वस्तू डोळ्यांना दिसणे शक्य नाही आणि तिला चवही नसते. शिवाय ती उष्णतेलाही दाद देत नाही. भाजणे, उकडणे, शिजवणे या घरगुती क्रियांनी बुरशी मरते, परंतु तिने आधी तयार करून ठेवलेले विष बऱ्याच अंशी तसेच राहते. ‘भाजून घेतले म्हणजे झाले’ ही समजूत येथे उपयोगी पडत नाही.

बुरशीला हवे असते पाणी

बुरशीचे सूक्ष्म बीज हवेत आणि मातीत सर्वत्र असते. त्याला आपण हद्दपार करू शकत नाही. आपल्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याला पाणी मिळू न देणे.

वरून कोरडा ठणठणीत दिसणाऱ्या दाण्यातही पाणी असते. गहू, ज्वारी, मका यांत ते १२ ते १३ टक्क्यांपर्यंत असेल, तर धान्य दीर्घकाळ टिकते. भात कापणीच्या वेळी २० ते २५ टक्के ओला असतो. साठवण्यापूर्वी तो १४ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. शेंगदाणा मात्र याहून नाजूक. त्याच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि तेलात पाणी मुरत नाही. त्यामुळे जे काही पाणी असते ते उरलेल्या भागातच एकवटते. म्हणून शेंगदाण्यातील ओलावा ७ ते ८ टक्क्यांपर्यंत उतरणे आवश्यक असते. गव्हाला जो ओलावा मानवतो, तोच शेंगदाण्याला घातक ठरतो.

आपल्या आजी-पणजींना ही टक्केवारी ठाऊक नव्हती, पण दाणा दाताखाली धरून ‘कट्’ आवाज आला की वाळवण झाले, हे त्या जाणत. चैत्र-वैशाखात वर्षाचे धान्य गच्चीवर, अंगणात पातळ पसरून, दिवसातून दोन-चार वेळा हाताने परतून त्या वाळवीत. पातळ थर, मोकळी हवा आणि वरचेवर परतणे, या तिन्ही गोष्टी आजच्या शास्त्रालाही मान्य आहेत. अडचण एवढीच, की हे शास्त्र सूर्यावर अवलंबून आहे आणि पीक नेहमीच सूर्याच्या सोयीने तयार होत नाही.

ऊन नसेल तेव्हा

तमिळनाडूतील कावेरीच्या खोऱ्यात ही अडचण फार जुनी. तेथील एका हंगामातील भात ऐन पावसात कापणीला येतो. ओल्या भाताचे ढीग आतून तापत, दाण्यांना मोड येत आणि हाती आलेले पीक डोळ्यांदेखत नासत असे. या प्रश्नासाठी १९६७ साली तिरुवारूर येथे भात-प्रक्रिया संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे त्याचाच विस्तार होऊन आज तंजावरला अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. पंजाबात लुधियाना येथे कापणीपश्चात अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. अशा ठिकाणी जे काम चालते, त्याचा गाभा पुढीलप्रमाणे सांगता येईल.

हवा जितकी उष्ण, तितकी तिची पाणी सामावून घेण्याची क्षमता अधिक. पावसाळी दिवशी हवा ३० अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे असे समजा. अशा हवेत दाणा वाळणार नाही. तीच हवा ४५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३५ टक्क्यांवर उतरते. बाहेर पाऊस असतानाही ती आता तहानलेली असते आणि धान्यातून फिरवली तर त्यातील पाणी शोषून नेते. वाळवणी यंत्राचे सारे तत्त्व यात आले. मात्र उष्णता बेताची हवी. ती फार झाली तर वरचे आवरण घट्ट होते, आत ओल अडकते, दाण्याला भेगा जातात आणि बियाण्याची उगवणशक्ती मरते.

आता प्रश्न येतो इंधनाचा. येथे जैवऊर्जा मदतीला येते. शंभर किलो भात २० टक्क्यांवरून १४ टक्क्यांपर्यंत वाळवायचा, तर साधारण ७ किलो पाणी बाहेर काढावे लागते. त्याच शंभर किलो भाताच्या भरडाईतून सुमारे २० किलो तूस निघते. हिशेब केला तर एवढ्या तुसात, ते ७ किलो पाणी वाफेत घालविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या दहापटीहून अधिक ऊर्जा असते. भट्टीत आणि वाऱ्यावर बरीच उष्णता वाया गेली, तरी काम भागते. म्हणजे दाण्याला वाळवण्याचे इंधन दाण्याच्याच अंगावर असते. अनेक भात गिरण्या या तुसावर चालतात. धूर दाण्याला लागू नये म्हणून भट्टीची उष्णता नळ्यांमधून जाते, नळ्यांभोवतीची स्वच्छ हवा तापते आणि तीच धान्यात सोडली जाते. ज्या घरांत अजून चुलीच्या धुरावर काही वाळवले जाते, त्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा. वाळवण्यासाठी उष्ण हवा पुरते, धुराची गरज नसते.

पेव आणि आजची पिशवी

वाळवलेले धान्य पुन्हा ओले होऊ न देणे, हे काम तितकेच महत्त्वाचे. ज्यांचे बालपण सोलापूर, मराठवाड्याकडे गेले, त्यांना ज्वारीची पेवे आठवत असतील. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यात धान्य भरून तोंड लिंपून टाकले जाई. आतील धान्य आणि किडे श्वसन करून प्राणवायू संपवीत, मग कीड आपोआप नष्ट होई. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हा दंडकही याच कारणाने होता; आतल्या कोंदट हवेत माणूस गुदमरे. पेवाची उणीव एकच. भिंतींतून ओल झिरपली, की कडेचे धान्य काळे पडून बुरसत असे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही उणीव ओळखून ‘पुसा कोठी’ तयार केली. तिच्यात मातीच्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा जाड कागद घातलेला असतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतील कॅमेरूनमध्ये चवळीच्या साठवणीवर काम सुरू केले आणि त्यातून तीन पदरी पिशवी पुढे आली. तिच्यात आत जाड पॉलिथिनचे दोन पदर आणि बाहेर विणलेले पोते असते. तोंड घट्ट बांधले की पेवात घडे तेच या पिशवीत घडते, आणि बाहेरची ओलही आत येत नाही. कोणतेही औषध घालावे लागत नाही. पण एक अट आहे : धान्य आधी पूर्ण वाळलेले हवे. ओले धान्य हवाबंद केले, तर आपण ओलावाच कोंडून ठेवतो.

घरात काय करावे

वर्षाचे धान्य भरणारी घरे आता कमी झाली आहेत. तरीही महिन्याचे सामान, गावाकडून आलेले पोते, दाण्यांचा डबा हे सारे घरात असतेच. त्यासाठी काही सूचना :

१. तापलेले वाळवण लगेच डब्यात भरू नये. सावलीत निवू द्यावे. गरम धान्याची वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि वरचा थर बुरसतो.

२. कोठी वा पोते भिंतीला टेकवून किंवा फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी फळी असावी, भिंतीपासून वीतभर अंतर असावे.

३. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तो पूर्ण वाळलेलाच घालावा. ओला पाला म्हणजे आपण होऊन घातलेले पाणी. पाला किंवा एरंडेलाचा हात किडीला आवर घालतो, बुरशीला नव्हे. बोरिक पावडर खाण्याच्या धान्याला चोळू नये.

४. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून प्राणघातक वायू निघतो. ज्या खोलीत माणसे झोपतात, तेथे या गोळ्यांनी अख्खी कुटुंबे संकटात येऊ शकतात.

५. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्या ओलाव्याची शंका आल्यास एक सोपी कसोटी आहे. तव्यावर कोरडे केलेले मीठ दोन-तीन चमचे घ्यावे, कोरड्या काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा धान्य आणि हे मीठ घालून हलवावे. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा हलवून पाहावे. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे आणि धान्य पुन्हा वाळवावे. शेंगदाण्याला ही कसोटी लागू नाही.

६. शेंगदाणे थोडे थोडे आणावेत, पावसाळ्यात घट्ट डब्यात घालून शीतकपाटात ठेवावेत. कूट आठवड्यापुरतेच करावे.

७. दाणे दोनदा निवडावेत. एकदा भाजण्यापूर्वी : सुरकुतलेले, काळपट, किडके, फुटके, बुरशीची पूड बसलेले दाणे काढून टाकावेत. दुसऱ्यांदा भाजून, सालपटे पाखडल्यानंतर : आतून डागळलेले दाणे तेव्हाच दिसतात. हे विष सर्व दाण्यांत सारखे नसते. बहुधा मोजक्याच दाण्यांत ते एकवटलेले असते. कारखान्यांतही याच तत्त्वावर रंग ओळखणारी यंत्रे दाणा-दाणा पारखतात. दळल्यावर मात्र ते मोजके दाणे साऱ्या कुटात मिसळून जातात आणि मग वेगळे करण्याचा उपाय उरत नाही.

८. काढलेले दाणे पाखरांना, कुत्र्याला किंवा गायीला घालू नयेत. टर्कीची आणि बांसवाड्यातील कुत्र्यांची हकिकत वर आली आहेच. दुभत्या जनावराने बुरसट पेंड खाल्ली, तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध तापवूनही तो जात नाही.

अन्नाचा मान

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. दुष्काळ पाहिलेल्या, रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला अन्न टाकणे जड जाते. पावाचा हिरवा भाग कापून उरलेला खाणे, पापडावरची पांढरी बुरशी फडक्याने पुसणे, जाळी धरलेले पीठ चाळून घेणे, हे घरोघरी चालते. त्यामागे कंजूषपणा नसतो. ताटातल्या अन्नाला पूर्णब्रह्म मानण्याचा तो संस्कार आहे आणि तो आदरणीय आहे.

ज्येष्ठ वाचकहो, त्या संस्काराला धक्का न लावता एवढीच विनंती, की त्याची जागा थोडी अलीकडे आणावी. अन्न वाचविण्याची वेळ वाळवताना, भरताना आणि निवडताना असते. बुरशी दिसू लागते तोवर तिचे सूक्ष्म तंतू मऊ पदार्थात खोलवर गेलेले असतात. आपण पुसतो तो केवळ वरचा भाग. पाव, पोळी, पीठ, शिजलेले अन्न यांवर बुरशी दिसली, तर ते सगळेच टाकावे. असे टाकणे हा अन्नाचा अपमान नाही. गरज पडेल तेवढेच आणून ते नीट राखले, तर टाकण्याची वेळ क्वचितच येईल.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन शब्द. वयोमानाने गंध आणि चव यांची जाण मंदावते, मोतीबिंदूमुळे रंगांतील फरक कळत नाही. दाणा कडू लागला तर थुंकून टाका, असे आपण सांगतो. परंतु कडूपणा जाणवलाच नाही तर? म्हणून आई-वडिलांच्या वाटीतले कूट आणि पीठ कोठून आले, किती दिवसांचे आहे, हे तुम्ही पाहावे. ते न दिसता उघड्यावरचे, जुने, खवट कूट बाजारातून आणू नये. बुरसलेला डबा साफ करताना नाका-तोंडावर रुमाल बांधावा, विशेषतः दमेकऱ्यांनी त्यापासून दूर राहावे. मात्र बुरसलेला पाव टाकण्यावरून घरातील थोरांना चारचौघांत बोलू नये. त्यांच्या हातून ते काढून घेण्याऐवजी कारण समजावून सांगावे. ज्यांनी आयुष्यभर वाळवणे राखली, त्यांना ओलाव्याची गोष्ट लवकर पटते.

दाणे निवडण्याचे काम मात्र शक्य असेल तर त्यांच्याचकडे द्यावे. खिडकीजवळ भरपूर उजेडात, पांढऱ्या ताटात, चष्मा लावून, आणि नातवंडाला शेजारी बसवून. अर्धा तास हातांना व्यायाम मिळतो, घराच्या कामात वाटा राहतो आणि दोन पिढ्यांच्या नजरा एकाच ताटावर फिरतात. शेवटचा हात घरातील तरुणाने फिरवावा, म्हणजे झाले.

एखादा कडू दाणा चुकून पोटात गेला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. अपाय होतो तो बहुधा सततच्या सेवनाने. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, पोट फुगून पाणी झाल्यासारखे वाटणे, अन्नावरची वासना अचानक उडणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती काढ्यांत दिवस न घालवता वैद्यकीय सल्ला घ्यावा. ज्यांना जुनी कावीळ वा यकृताचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी या विषयावर एकदा बोलून ठेवावे.

वैशाखातील ऊन आता पूर्वीइतके आपल्या अंगणात उतरत नाही, कारण अंगणेच उरली नाहीत. तरी सदनिकेच्या गॅलरीत एका चादरीवर पसरलेले दोन किलो दाणेही त्याच नियमाने वाळतात. हा अंक हाती पडेल त्या आठवड्यात आपल्या घरातील दाण्यांचा डबा एकदा ताटात ओतून पाहावा. पुढे काय करायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे.